आधी दुरुस्ती, मग नवी इमारत

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राख थंड व्हायच्या आत गावभर एकच मागणी झाली: नाट्यगृह होतं तसंच उभं करा. मागणी रास्तच होती. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली आणि १९१५ साली सुरू झालेली ही वास्तू, तिच्यावर गावाचा जीव. पण ‘होतं तसं’ हे बोलायला सोपं आणि बांधायला महाकठीण. छताच्या कैच्या किती अंतरावर होत्या, रंगमंचाची कड पहिल्या रांगेपासून किती उंच होती, खुर्च्यांखालच्या जमिनीला उतार किती होता, लाकडाचे सांधे कसे होते, ही मापं कागदावर असली तरच ‘तसं’ उभं राहतं. कागद नसेल तिथे फोटोवरून अंदाज करावा लागतो. अंदाजाने उभी केलेली वास्तू कितीही देखणी झाली तरी ती नवीच असते.

नाट्यगृहासाठी निदान सगळं गाव हळहळलं. पेठांमधले वाडे, तालमी, दगडी शाळा, जुनी बोर्डिंगं रोज थोडी थोडी जातात, त्यांची बातमीही होत नाही. पावसाळ्यात एखादी भिंत बसते, पालिकेची नोटीस लागते, दिवाळीपर्यंत जागा मोकळी होते. तिथे काय होतं हे सांगणारा एक कागद मागे राहत नाही. हा कागद तयार करण्याचं काम शहरात कुणाचं? माझं उत्तर असं की आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांचं, आणि तेही हौस किंवा समाजसेवा म्हणून करायचं नाही, त्यांच्या शिक्षणाचा पायाच तो हवा. कोल्हापुरात बी.आर्क. करणाऱ्या मुलांची पहिली दोन वर्षं उभ्या इमारती मोजण्यात आणि त्यांची दुरुस्ती शिकण्यात जावीत. रिकाम्या प्लॉटवर नवीन काही आखायचं ते तिसऱ्या वर्षापासून.

आज नेमकं उलटं चालतं. पाच वर्षांचा, दहा सत्रांचा हा अभ्यासक्रम. मुलगी नाटा ही प्रवेशपरीक्षा देते, कॅप या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेते, वर्षभरात स्टुडिओत पहिलं डिझाइन हातात येतं: कलाकाराचं घर, शेतातला बंगला, छोटं ग्रंथालय. प्लॉट बहुतेक वेळा मोकळा आणि सपाट, शेजारी कुणी नाही, आणि मालक कल्पनेतला, म्हणून तो कधी पैशाचं विचारत नाही. पाचव्या वर्षी थिसिस येतो तेव्हा हाच बंगला वाढून सांस्कृतिक केंद्र किंवा विमानतळ झालेला असतो. जुने वाडे मोजायचं काम अभ्यासक्रमात अगदीच नसतं असं नाही. पण ते एका अभ्याससहलीत उरकलं जातं. मुलं जैसलमेरला किंवा अहमदाबादला जातात, चार दिवस टेप धरतात, परत येऊन शीट लावतात. अहमदाबादच्या पोळमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या गल्लीवस्तीतल्या, घराचा चौक त्यांना तोंडपाठ असतो. शुक्रवार पेठेतल्या आपल्याच आत्याच्या घराला सोपा किती खणांचा, हे विचारलं की गप्प.

परीक्षक म्हणून मी अधूनमधून ज्युरीला बसतो. भिंतीवर शीटा लागलेल्या असतात, रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर रंगवलेली चित्रं, सुरेख असतात, आभाळ निळं, काचेवर झाडांची सावली. मी सेक्शनजवळ, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या चित्राजवळ, जातो आणि विचारतो, गच्चीवरचं पाणी खाली कुठून येतं? सगळ्या शीटांवर मिळून एक पाइप नसतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पाऊस उभा असतो, पश्चिमेला गगनबावड्याकडे तर आभाळ फाटल्यासारखा पडतो, आणि पाच वर्षं शिकलेल्या मुलाला पाणी कुठून जातं हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. यात मुलांचा दोष नाही. ज्या इमारतीवर कधी पाऊसच पडला नाही ती इमारत त्याला काय शिकवणार?

मोजण्याने काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. तीन मुलं एका वाड्यात जातात. एकजण टेपचं शून्य कोपऱ्यात धरतो, दुसरी आकडा वाचते, तिसरा वहीत लिहितो. चार भिंती झाल्या की खोली झाली असं त्यांना वाटतं. मग त्यांना कर्ण घ्यायला लावायचे. दोन कर्णांत पाच इंचांचा फरक निघतो आणि डोळ्याला काटकोनात दिसणारी खोली काटकोनात नाही हे कळतं. का नाही? गल्ली वळते म्हणून, की भावकीत वाटणी झाली तेव्हा मधली भिंत सरकली म्हणून? ओळंबा सोडला की दिसतं, भिंत बाहेर कलली आहे. दारात मोजली तर ती दोन फूट जाड, माडीवर दीडच. बाहेरून काळा दगड, आतून पांढऱ्या मातीची कच्ची वीट. लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा, वर तुळई, तुळईवर कड्या. घराचं सगळं ओझं खांब आणि तुळया पेलतात हे समजलं की भिंत कुठे फोडता येते आणि कुठे हात लावायचा नाही, हेही समजतं. पुस्तकातल्या आकृतीवरून हे असं कधीच समजत नाही.

आणि मग लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटणारे क्षार. मातीच्या भिंतीला खालून ओल चढते, ती पूर्वी मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जायची. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी मजबुतीसाठी म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. आता ओलीला बाहेर यायला वाट नाही. ती भिंतीतच वर वर चढते, क्षार बाहेर फेकते, आतली माती भुसभुशीत करते, आणि एका पावसाळ्यात भिंत बसते. लोक म्हणतात, जुनं होतं, पडलं. खरं तर दुरुस्तीनेच ते पडलं. हे ज्याला एकदा बोटाने पापुद्रा काढून दाखवलं, तो जन्मात मातीच्या भिंतीला सिमेंट लावायला सांगणार नाही. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून चुना मळणारे हात आता जिल्ह्यात थोडे उरलेत. त्यांच्याजवळ एक सत्र उभं राहणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या कोर्सइतकंच शिक्षण आहे, आणि त्या गवंड्याला व्हिजिटिंग फॅकल्टीचं मानधन मिळालं पाहिजे. पदवी नाही म्हणून त्याला वर्गात उभं करता येत नाही हा नियम असेल तर वर्ग त्याच्या साईटवर न्यावा.

दुरुस्ती म्हटलं की लोकांना वाटतं वारसा, किल्ले, देवळं. माझ्या डोळ्यांपुढे आधी शाहूपुरीतली कुंभार गल्ली येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैअखेर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा गणपती जवळ आलेले. कुंभारांच्या खोल्यांत त्या दिवसांत मूर्ती वाळत असतात, काहींना रंगाचा पहिला हात बसलेला असतो, कोपऱ्यात प्लास्टरची पोती. पोत्याला पाणी लागलं की त्याचा दगड होतो. वर्षाची कमाई त्या एका खोलीत असते आणि पाणी वाढतंय म्हटल्यावर रात्रीतून टेम्पो शोधत सगळं हलवायचं.

हा खरा स्टुडिओचा विषय आहे. अरुंद खोली, पत्र्याचं छत, घरमालक वेगळा, खर्चाची मर्यादा ठरलेली. पुराची खूण भिंतीवर कुठपर्यंत आहे ती आधी मोजायची. त्या खुणेच्या वर पोटमाळा बसतो का? बसला तर मूर्तींचं वजन किती, त्याला लोखंडी चॅनेल कुठल्या मापाचे लागतील, जुन्या भिंतीत ते टेकवायचे की स्वतंत्र खांब उभे करायचे? तीन फुटी मूर्ती हात न मोडता जिन्याने वर जाते का, की कप्पी लावून ओढायची? पोटमाळ्यावर उन्हाळ्यात पत्र्याखाली मूर्ती तडकतील, तर वारा कुठून घ्यायचा? उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेटरशी बसून ते करून घ्यायचं आणि पुढच्या पावसाळ्यात काय झालं ते बघायला परत जायचं. यातलं एक काम ज्या मुलाने सुरुवातीपासून शेवटापर्यंत केलं त्याला भार, हवा, ऊन, पैसा आणि माणूस हे पाचही एका खोलीत शिकायला मिळतात. पूररेषेत नदीजवळच्या निळ्या रेषेच्या आत नवं बांधू देत नाहीत, तिच्यापलीकडच्या लाल रेषेपर्यंत अटींवर देतात; पण आधीच तिथे उभी असलेली हजारो घरं कुठे जाणार? त्यांचं काम दुरुस्तीचंच आहे, आणि ते शिकवणारा विषय अभ्यासक्रमात नाही.

हवामान आणि सूर्य शिकवायलाही इथे वर्गाबाहेर जावं. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत पोचतात, मग वर चढत जातात. हेच दिवस का? २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच ठिकाणी, पश्चिमेपासून साधारण १७-१८ अंश दक्षिणेला मावळतो. हे गणित बारावी झालेल्या मुलीला करता येतं. ते करून ती संध्याकाळी देवळात उभी राहिली, आणि महाद्वार रोडवरची बांधकामं किरणांच्या वाटेत कशी येतात हे तिने स्वतः रेखाटलं, की इमारतीच्या उंचीचा नियम कशासाठी असतो हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. खासबागेतलं कुस्तीचं मैदान तसंच. १९१२ चं ते मैदान, कुठेही बसा, आखाडा दिसतो. त्याचा एक सेक्शन नीट मोजून काढला की नजरेच्या रेषेचा धडा झाला.

यावर आक्षेप येतात आणि त्यातले दोन तरी वजनदार आहेत.

पहिला आक्षेप वाड्यात राहणाऱ्यांचा. तुम्ही बाहेरून येऊन कौतुक करता. संडास अंगणापलीकडे आहे, माजघरात दिवसा दिवा लावावा लागतो, सात वारस आहेत आणि प्रत्येकाला पार्किंग हवंय. त्यांचं म्हणणं खरं आहे. मी आणखी पुढे जाईन. जुन्या वाड्याच्या नकाशात कोण कुठल्या दाराने येणार, कुणी ओसरीच्या पायरीशीच थांबायचं, बायकांनी उजेडापासून किती लांब राहायचं, हे भिंतींनीच ठरवलेलं असतं. ज्या शहरात शाहू महाराजांनी राज्य केलं तिथे हे न बघता नुसत्या कोरीव खांबांचं गुणगान करणं मला पटत नाही. पण म्हणूनच मोजा. मोजणाऱ्याला दुसरं दार दिसतं, त्याची उंची कमी का हा प्रश्न पडतो. दुरुस्ती म्हणजे आहे तसं ठेवणं नसतं. भिंतीचा कणा न मोडता आत संडास कसा बसवायचा, माजघरात वरून उजेड कसा आणायचा, सात वारसांना सात स्वतंत्र दारं देता येतात का, हे सोडवता आलं तर वाडा टिकेल. नाही सोडवता आलं तर तो पाडावाच लागेल. पण निदान तपासून, मोजून, कागद मागे ठेवून पाडला जाईल.

महाराजांचं नाव घेतो आहोत तर त्यांच्या बोर्डिंगांचंही घ्यायला हवं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य समजल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठी एकेक करून वसतिगृहं उभी राहिली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी असं कोल्हापूरला म्हणतात ते यामुळे. शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुलाने राहायचं कुठे, या प्रश्नाला या शहराने इमारतीने उत्तर दिलं. एका जरी वर्गाला यातलं एखादं बोर्डिंग सत्रभर मोजायला आणि त्यात आज राहणाऱ्या मुलांशी बोलायला लावलं तर आर्किटेक्चर कशासाठी असतं याचं उत्तर मिळून जाईल. आज चंदगड, आजऱ्याहून आर्किटेक्चर शिकायला आलेली मुलं भाड्याच्या खोलीत चौघं-चौघं राहतात, खाली गादी टाकून त्यावर ड्रॉइंग बोर्ड ठेवून शीट काढतात. फी वेगळी, लॅपटॉप, प्लॉटिंग, मॉडेलचं सामान याचाच खर्च घराला जड होतो. मोजणीच्या कामाला टेप, ओळंबा, वही आणि पेन्सिल पुरतात. पहिली दोन वर्षं अशी गेली तर खेड्यातलं मूल पैशामुळे मागे पडत नाही. उलट कौलारू छपरावर चढलेलं, बैलाचा गोठा बांधताना बापाच्या हाताखाली राबलेलं पोर तिथे पुढे असतं. आणि ज्युरीत त्याला मराठीत बोलू द्यावं. इंग्रजी शब्द शोधताना ज्यांचं अर्धं डिझाइन न सांगताच राहून जातं अशी मुलं मी दरवर्षी पाहतो.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो नोकरीचा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात रेव्हिट हे इमारत आखायचं सॉफ्टवेअर विचारतात, ओळंबा विचारत नाहीत. बरोबर. सॉफ्टवेअर शिकवू नका असं मी म्हणतच नाही. मोजलेला वाडा रेव्हिटमध्येच उभा करायचा आहे, आणि वेडीवाकडी भिंत त्यात बसवताना ते सॉफ्टवेअर जितकं पक्कं येतं तितकं चौकोनी बंगल्याने येत नाही. पण पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आर्किटेक्ट हे नाव लावण्याचा हक्क राखून ठेवतो, काम राखून ठेवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्टच सांगितलं. नकाशा काढणं, घर डिझाइन करणं हे दुसरं कुणीही करू शकतं, फक्त त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये. कोल्हापुरात घरं कोण बांधतं ते आपण पाहतोच: कंत्राटदार, सिव्हिल इंजिनीअर, अनुभवी मिस्त्री. त्यांच्यात आमच्या पोराला जागा मिळायची तर त्यांना येत नाही असं काहीतरी त्याला यायला हवं. नवा चौकोनी बंगला त्यांना छान येतो. शंभर वर्षांच्या भिंतीचं दुखणं ओळखणं येत नाही. आणि हे काम वाढत जाणार आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. राजारामपुरीत, शाहूपुरीत १९८०-९० च्या दशकांत उभी राहिलेली अपार्टमेंटं आता त्या वयाला आली आहेत. सगळी पाडून परत बांधायला ना पैसा आहे ना वाळू.

अहमदाबादचं उदाहरण म्हणूनच मला जवळचं वाटतं. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९६२ मध्ये तिथे आर्किटेक्चरची शाळा काढली. आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचं. त्या शाळेचं पुढे विद्यापीठ झालं, आणि त्यांनी आपलं जुनं शहर अभ्यासाचा विषय मानलं. २०१७ मध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला, त्यासाठीच्या प्रस्तावात त्या विद्यापीठाचा हात होता. कोल्हापूरला तो दर्जा मिळवायची घाई नाही. मात्र शहर आणि कॉलेज एकमेकांच्या उपयोगी पडू शकतात, हे तिथे करून दाखवलेलं आहे.

यात एक धोका आहे आणि तो आधीच बांधून घेतला पाहिजे. मुलं म्हणजे फुकटचे सर्वेअर, असं पालिकेला वाटायला लागलं तर दोन वर्षांत सगळ्याचा विचका होईल. जे रेखाटन पालिका वापरेल त्याचे पैसे तिने द्यावेत; बांधकाम परवानगीच्या शुल्कातून त्यासाठी वेगळी तरतूद करणं अवघड नाही. शीटवर मुलांची नावं राहावीत. मोजणी शिक्षकाने आणि एका नोंदणीकृत आर्किटेक्टने तपासून सही केल्याशिवाय ती पालिकेच्या दप्तरात जाऊ नये. एक प्रत घरमालकाला मिळावी, फुकट, कारण त्याने घर उघडून दिलं. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहावी.

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर किमान काय शिकवायचं ते ठरवते. त्याच्या वर काय शिकवायचं हे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या हातात आहे, म्हणून दिल्लीची परवानगी हवी ही सबब चालणार नाही. शेवटच्या टप्प्यातलं एक सत्र मुलं प्रत्यक्ष कामावर काढतात. ते इथल्या दुरुस्तीच्या साईटवर काढायची सोय झाली तर उत्तमच. पण सुरुवात त्याच्याही आधी, पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, कुंभार गल्लीपासून करावी. कुंभार साचे धुवायला काढतात त्याच्या आधी खोल्या त्यातल्या त्यात रिकाम्या असतात, म्हणून मोजणी फेब्रुवारीत उरकावी, आणि पोटमाळ्याचे चॅनेल मेअखेर चढलेले असावेत.